हातचा न घेणारी संख्या

चाकणच्या पट्ट्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चेसिसवर सतरा खुणा ठोकलेल्या असतात. आरसीवर तो ‘चेसिस नंबर’, कारखान्यातल्या बोलण्यात ‘चेसी नंबर’. टाटांच्या गाडीवर तो ‘एमएटी’ने सुरू होतो, महिंद्राच्या गाडीवर ‘एमए१’ने, बजाजच्या दुचाकीवर ‘एमडी२’ने. आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं त्यात कधीच येत नाहीत, कारण घाईत वाचताना त्यांची एक आणि शून्याशी गल्लत होते. बाकी अंक-अक्षरांची जुळणी कंपनीगणिक बदलते, पण घरं सतराच. गाडी आकुर्डीची असो वा जर्मनीची, अठरावं घर नाही आणि सोळावर भागत नाही.

सतरा घरांची एक संख्याही आहे. तिच्यात अक्षर एकही नाही आणि ती कुठल्या कारखान्यात ठोकली जात नाही. तिचं बारसं मात्र महाराष्ट्रात झालं आहे.

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून नवापर्यंत चढायचं आणि तसंच उतरायचं. डावीकडून वाचा की उजवीकडून, संख्या तीच. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी दिसते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकं, दश, शतं अशी अठरा स्थानांची नावं आहेत आणि शेवटचं नाव परार्ध. त्या यादीप्रमाणे या संख्येतला सगळ्यात डावीकडचा एक ‘मध्य’ या स्थानावर येतो, म्हणजे परार्धाच्या एक घर अलीकडे. ही नावं खानदेशाला परकी नाहीत. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या १२०७ सालच्या शिलालेखात आहे. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

संख्या किती मोठी, हे पिंपरी-चिंचवडच्या मापाने सांगता येईल. इथल्या शॉप फ्लोअरवर अंतर मायक्रॉनमध्ये बोललं जातं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि दहा-वीस मायक्रॉनचा फरक जॉब रिजेक्ट व्हायला पुरतो. एवढे मायक्रॉन एका रेषेत मांडले तर लांबी भरेल १ कोटी २३ लाख ४५ हजार ६७८ किलोमीटर, ९८७ मीटर, ६५४ मिलिमीटर आणि ३२१ मायक्रॉन. पृथ्वीपासून चंद्राच्या सरासरी अंतराच्या ही लांबी ३२ पट आहे.

देवळालीचे मास्तर

कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून निघालेला रस्ता भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत नाशिकला पोहोचतो. नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं शाळेत शिकवत होते. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शालेय शिक्षण ठाण्यात झालं आणि महाविद्यालयीन पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली. पुढचं पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलं नाही. शाळेतून उरलेल्या वेळात ते संख्या उलगडत बसायचे, सापडेल ते छोट्या पुस्तिकांमधून स्वतःच छापायचे आणि गणित परिषदांना हजेरी लावायचे. लोक त्यांना ‘गणितानंद’ म्हणत. अनेक गणितींना त्यांचं काम किरकोळ वाटत होतं. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि देवळालीचं नाव जगभरच्या गणितप्रेमींना कळलं. तोवर कापरेकर सत्तरीला आले होते. १९८६ साली ते गेले.

सतरा घरांच्या आपल्या संख्येला कुळाचं नाव त्यांनीच दिलं. ते नाव एका रेल्वे स्टेशनचं. मुंबईपासून तीस मैलांवर, तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवर, ‘डेमलो’ नावाचं स्टेशन होतं. आज त्याला डोंबिवली म्हणतात. या संख्यांचा शोध घ्यावा हे कापरेकरांना तिथे सुचलं, म्हणून त्या ‘डेमलो संख्या’ झाल्या. १६५ घ्या: टोकाचे १ आणि ५ मिळवले की मधले ६ येतात. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये दोन पाच. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७, आणि मध्ये तीन सात. ही साधी रूपं. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा चढत्या-उतरत्या मालिकेला कापरेकर ‘वंडरफुल डेमलो’ म्हणत. ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये १९३८ साली त्यांचा यावरचा लेख आला आणि १९३९ साली के. आर. गुंजीकर यांच्यासह लिहिलेली ‘थिअरी ऑफ डेमलो नंबर्स’ मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात छापली गेली. आपली सतरा अंकांची संख्या या मालिकेतली नववी.

या आकृतीची गोडी मात्र कापरेकरांच्या फार आधीपासून लोकांना लागलेली आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमाराला, जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात गळ्यातल्या माळेसारखे दिसणारे गुणाकार आहेत. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा, उत्तर १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढून पुन्हा क्रमाने उतरणारी, असंच त्या संख्येचं वर्णन आहे. दुसरा गुणाकार १२३४५६७९ आणि ९ यांचा. त्याचं उत्तर १११११११११. हे नऊ एक्के लक्षात ठेवावेत, कारण आपल्या संख्येचं मूळ तिथेच आहे.

कागदावरचा गुणाकार

१११११११११ गुणिले १११११११११. हे उत्तर चौथीतल्या मुलालाही काढता येतं. गुणकातला प्रत्येक अंक एक, त्यामुळे गुणायचं असं काही नाहीच. तीच नऊ एक्क्यांची ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहायची. मग उभी बेरीज घ्यायची. उजवीकडच्या शेवटच्या घरात एकच एक्का, त्याच्या डावीकडे दोन, मग तीन. नवव्या घरात नऊच्या नऊ ओळी एकाखाली एक येतात. तिथून पुढे ओळी संपत जातात: आठ, सात, सहा, शेवटी पुन्हा एक. बेरीज म्हणजे ओळी मोजणं, आणि ओळी मोजल्या की १२३४५६७८९८७६५४३२१ कागदावर उतरते.

सतरा घरांत एकदाही हातचा घ्यावा लागत नाही. कुठल्याच घराची बेरीज नवाच्या वर जात नाही, म्हणून आकृती अखंड राहते. हीच या संख्येची सीमाही आहे. दहा एक्क्यांचा वर्ग करा. मधल्या घरात दहा ओळी येतात, म्हणजे शून्य लिहून हातचा एक. शेजारच्या घरातले नऊ हातच्यासह दहा होतात, तिथेही शून्य, पुन्हा हातचा एक. त्यापुढचे आठ नऊ होतात. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावी बाजू बिघडते, आठ गायब होतो आणि संख्या उलटी वाचली की वेगळी निघते.

या गायब आठाचा पत्ता आणखी एका ठिकाणी लागतो. एकाला ८१ ने भागा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९…, असं अनंतापर्यंत. इथेही सातानंतर थेट नऊ. खरं तर दशांशात ०, १, २, ३ असे सगळे अंक ओळीने यायचे होते, पण नवाच्या पुढे दहा येतात, दहाचा हातचा नवाला लागून त्याचे दहा होतात आणि त्यांचा हातचा आठाला नऊ करतो. महावीराचार्यांच्या गुणाकारातल्या १२३४५६७९ मध्ये आठ का नाही, त्याचं कारणही हेच.

नऊवरच का थांबायचं, याचं उत्तर आपल्या दहा बोटांत आहे. आपण दहाच्या पायावर मोजतो, म्हणून हातचा दहाला लागतो. संगणकवाले सोळाच्या पायावर मोजतात, तिथे एकंतले अंक पंधरापर्यंत जातात. त्या पायावर पंधरा एक्क्यांचा वर्ग एकापासून पंधरापर्यंत चढतो आणि उतरतो, मोडतो तो सोळाव्या एक्क्याला. तीनच्या पायावर दोन एक्क्यांचा वर्ग १२१, खेळ तिथेच संपला. आकृती सगळीकडे सापडते, तिची लांबी फक्त पाया ठरवतो.

उकलून पाहिली तर

संख्येच्या सगळ्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवाचा वर्ग. संख्येला ८१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१. हा स्वतः १२३४५६७९ चा वर्ग आहे. अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला निःशेष भाग जातो तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटलं. त्यामुळे आपली संख्या डेमलो तर आहेच, हर्षदही आहे.

तिचे मूळ अवयव पाडणं सतरा अंकांच्या मानाने फारच सोपं जातं. वर्ग आहे, तेव्हा नऊ एक्क्यांचे अवयव पाडले की पुरे. तीन-तीनचे गट केले की १११११११११ म्हणजे १११ गुणिले १००१००१. पहिला अवयव ३ गुणिले ३७. दुसऱ्यात ३ ने भाग जातो आणि उरतात ३३३६६७. म्हणून नऊ एक्के = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

आता ३३३६६७ ला कुणी भागतं का, हे तपासायचं. त्याचं वर्गमूळ ५७७ च्या किंचित वर जातं. सरळ मार्गाने जायचं तर तिथपर्यंतच्या शंभराहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल. फर्माचं छोटं प्रमेय हे काम सहापटीने कमी करतं. नऊ एक्क्यांना भागणारी ३ आणि ३७ सोडून कुठलीही मूळ संख्या असली, तर तिला १८ ने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे, असं त्यातून निघतं. मग तपासायला राहतात १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. मोजल्या तर नेमक्या सतरा. ३७ जवळ जाऊन हुकते, कारण ३७ गुणिले ९०१८ म्हणजे ३३३६६६, एक कमी. बाकीच्या सोळांपैकीही एकीनेही भाग जात नाही. शिफ्टच्या चहाच्या सुट्टीत पेन-कागद घेऊन हे सतरा भागाकार कुणालाही उरकता येतील. म्हणजे ३३३६६७ मूळ आहे, आणि आपली संख्या आहे ३ चा चौथा घात गुणिले ३७ चा वर्ग गुणिले ३३३६६७ चा वर्ग. त्यावरून तिचे एकूण विभाजक ५ × ३ × ३, म्हणजे ४५.

हे ४५ सुद्धा कापरेकरांच्या वहीतले. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करून मिळवा, २० आणि २५, पुन्हा ४५. वर्गाचे तुकडे मिळवून मूळ संख्या परत देणाऱ्या अशा संख्यांना आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. २९७, ७०३, २२२३ याही त्यातल्याच.

एक्सेलच्या चौकटीत

कागदावर इतकी सरळ वागणारी ही संख्या कारखान्याच्या ऑफिसात गेली की अडचणीत येते. भोसरीच्या लघुउद्योगापासून हिंजवडीच्या आयटी पार्कपर्यंत स्टोअर्सचा साठा, डिस्पॅच, पगार, जीएसटीचा मेळ, सगळं एक्सेलमध्ये चालतं. एक्सेलच्या चौकटीत १२३४५६७८९८७६५४३२१ टाइप करून एंटर दाबलं, तर आधी दिसतं १.२३४५७ई+१६. कॉलम रुंद करून फॉरमॅट ‘नंबर’ केला, तर दिसतं १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे २१ गेले. १११११११११ चा वर्ग सूत्राने काढला तरी हेच.

एक्सेल पंधरा अंकांच्या पुढे काही लक्षात ठेवत नाही. पुढची सगळी घरं शून्यं. म्हणून सोळा अंकी डेबिट कार्डाचा नंबर साध्या चौकटीत लिहिला की शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. स्टोअर्समधले मुरलेले लोक लांबलचक पार्ट नंबर किंवा खाते क्रमांक भरण्याआधी एक ‘सिंगल कोट’ देतात किंवा कॉलमच ‘टेक्स्ट’ करून घेतात. मग संगणक तिला संख्या मानत नाही, अक्षरांची ओळ मानतो, आणि सगळे अंक जागच्या जागी राहतात. बेरीज मात्र करता येत नाही.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टची चूक त्याहून बारीक आहे. तिला ही संख्या दिली तर ती १२३४५६७८९८७६५४३२० परत देते. फक्त शेवटचा एक गेला. अशा प्रणालींत एका संख्येला ६४ बिट मिळतात आणि त्यातून ५३ द्विमान अंकांची अचूकता साधते. दोनाचा त्रेपन्नावा घात ९००७१९९२५४७४०९९२ आहे. तिथपर्यंत प्रत्येक पूर्णांक नेमका धरता येतो. त्यानंतर दोनाच्या चौपन्नाव्या घातापर्यंत फक्त सम संख्या मावतात, विषमांना घर नाही. आपली संख्या त्याच पट्ट्यात आहे आणि विषम आहे. शेवटी ३२० आणि ३२२ असलेल्या दोन शेजारणींच्या बरोबर मध्ये ती अडकते आणि नियमाप्रमाणे ३२० कडे ढकलली जाते. पायथनसारख्या भाषेत पूर्णांकाला हवी तेवढी घरं मिळतात, म्हणून तिथे सगळे सतरा अंक शाबूत राहतात. दुकानातला बारा अंकी कॅल्क्युलेटर तर सहा एक्क्यांपर्यंतच साथ देतो. १२३४५६५४३२१ हे अकरा अंक त्याच्या पडद्यावर मावतात, सात एक्क्यांच्या वर्गाचे तेरा मावत नाहीत.

चेसिसवर ठोकली तर

घरं सतरा जुळतात, तेव्हा ही संख्या चेसिस नंबर म्हणून चालेल का, हेही तपासता येतं. अमेरिकेत १९८१ पासून सतरा घरांचा एकच साचा आहे आणि त्यातलं नववं घर तपासणीचं. भारतात ही तपासणी सक्तीची नाही, पण हिशेब कुणालाही करता येतो. सतरा घरांना ठरलेली वजनं आहेत: ८, ७, ६, ५, ४, ३, २, १०, ०, ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २. प्रत्येक अंकाला त्याच्या घराच्या वजनाने गुणायचं, सगळे गुणाकार मिळवायचे, ११ ने भागायचं. जी बाकी उरेल तीच नवव्या घरात असायला हवी. बाकी दहा आली तर तिथे एक्स. नवव्या घराचं स्वतःचं वजन शून्य आहे, म्हणजे परीक्षक स्वतःचे गुण धरत नाही.

आपल्या संख्येचे गुणाकार: ८, १४, १८, २०, २०, १८, १४, ८०, ०, ७२, ५६, ४२, ३०, २०, १२, ६ आणि २. बेरीज ४३२. अकराने भागल्यावर बाकी ३. नवव्या घरात मात्र नऊ, डोंगराचं शिखर. संख्या नापास. त्या साच्यात पहिल्या घरातला १ अमेरिकेचा आणि दहाव्या घरातला ८ म्हणजे २००८ सालचा. डोंबिवलीच्या नावाची ही संख्या २००८ सालची अमेरिकी गाडी म्हणून खपवायला निघाली असती, तर नवव्या घरात पकडली गेली असती. नऊच्या जागी तीन लिहिले तर ती पास होते, पण मग डोंगराच्या माथ्यावरच खड्डा पडतो.

सतराच्या सतरा एक्के असलेला नंबर मात्र सुरळीत पास होतो. सगळ्या वजनांची बेरीज ८९, आणि ८९ ला ११ ने भागलं की बाकी १. भागायला ११ च का, यालाही कारण आहे. ११ मूळ संख्या आहे आणि तपासणीचं घर सोडून एकाही घराच्या वजनाला ती भागत नाही. म्हणून त्या सोळा घरांपैकी एखाद्यात एका अंकाच्या जागी दुसरा पडला, तर बाकी बदलल्याशिवाय राहत नाही आणि चूक उघडी पडते.

नंबर प्लेटवरचे चार अंक त्याहून हाताशी असतात. पिंपरी-चिंचवडची गाडी म्हणजे एमएच १४, आणि तिच्या शेवटच्या चार अंकांवर कापरेकरांचा सगळ्यात गाजलेला खेळ मांडता येतो. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा आणि वजा करा: ५४३२ वजा २३४५, उरले ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च. चार अंकांत किमान दोन वेगळे असले की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत गाडी ६१७४ वर येऊन थांबते.

ज्यांच्यासाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात त्या ७७७७, ९९९९ अशा ‘फॅन्सी’ नंबरांवर हा खेळ चालत नाही. पहिल्याच वजाबाकीत शून्य. पण कापरेकरांच्या दुसऱ्या कसोटीला हे दोन्ही उतरतात. ७७७७ चा वर्ग ६०४८१७२९, आणि ६०४८ अधिक १७२९ म्हणजे ७७७७. ९९९९ चा वर्ग ९९९८०००१, आणि ९९९८ अधिक १ म्हणजे ९९९९. नऊ नवांचंही तसंच. ९९९९९९९९९ चा वर्ग ९९९९९९९९८००००००००१, अर्ध्यावर तोडून मिळवला की नऊ नऊ परत. हा वर्ग म्हणजे आपल्या डेमलो संख्येची ८१ पट, कारण नऊ नऊ म्हणजे नऊ एक्क्यांची नऊ पट. सतराची अठरा घरं झाली आणि पहिला नऊ जाऊन बसला भास्कराचार्यांच्या शेवटच्या स्थानावर, परार्धात.

जननी सापडते का

कापरेकरांनी १९६३ साली देवळालीहून ‘सेल्फ नंबर्स’वर पुस्तिका काढली. कल्पना अशी: कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८. म्हणजे २३ ही २८ ची जननी. काही संख्यांना मात्र जननीच नसते, त्या स्वयंभू. शंभराच्या आत अशा तेराच आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७.

डेमलो संख्या स्वयंभू आहे का? सतरा अंकांची जननी शोधणं वाटतं तेवढं अवघड नाही. सतरा अंकांची बेरीज फार तर १५३, तेव्हा जननी असलीच तर ती संख्येच्या १५३ च्या आत मागे सापडेल. शिवाय आपली संख्या नवाने विभाज्य आहे, म्हणून जननीच्या अंकांची बेरीजही नवाच्या पाढ्यात बसायला हवी. तपासायला उरल्या सतरा जागा, पुन्हा सतराच. नऊ मागे गेलं की शेवटचे चार अंक ४३१२ होतात आणि सगळ्या अंकांची बेरीज ८१ येते. हवी होती ९. अठरा मागे, शेवटी ४३०३, बेरीज ८१. सत्तावीस मागे, शेवटी ४२९४, बेरीज ९०. पुढे ३६, ४५, ५४, ६३, ७२ मागे गेलं तरी बेरीज ९० वरच अडून राहते. मग ८१ मागे. शेवटचे अंक ४२४०, बेरीज ८१. जुळलं. १२३४५६७८९८७६५४२४० मध्ये ८१ मिळवा, डेमलो संख्या हजर. उरलेल्या आठ जागांवर बेरीज ८१ किंवा ९० च येते, हव्या त्या आकड्याला कुठेच भिडत नाही. तेव्हा ही संख्या स्वयंभू नाही. तिला एक जननी आहे आणि ती एकच आहे.

नुसते एक्के

नऊ एक्के फुटतात, कारण नऊ हा तीनाच्या पाढ्यातला आणि तीन एक्क्यांना, १११ ला, ३ आणि ३७ भागतात. एक्क्यांची संख्या मूळ निघायची असेल तर त्यांचा आकडा आधी मूळ हवा. तेवढंही पुरत नाही: सतरा मूळ आहे, पण सतरा एक्के २०७१७२३ गुणिले ५३६३२२२३५७ असे फुटतात. चेसिसच्या तपासणीत पास झालेला तो नंबर मूळ म्हणून नापास होतो. दोन एक्के, एकोणीस एक्के आणि तेवीस एक्के मात्र मूळ आहेत. एकोणीस एक्क्यांचा वर्ग सदतीस अंकांचा. त्यात हातचे इतके लागतात की चढ-उताराची आकृती उरत नाही, पण त्याला विभाजक तीनच: एक, ते एकोणीस एक्के आणि तो स्वतः. आपल्या नवव्या डेमलोला पंचेचाळीस होते.

त्यापुढचे मूळ एक्के फार दूरदूर आहेत. ३१७ आणि १०३१ एक्क्यांच्या संख्या मूळ ठरल्या. ४९०८१ एक्के मूळ असल्याची सिद्धता २०२२ साली पूर्ण झाली आणि ८६४५३ एक्क्यांची २०२३ साली. दोन्ही संगणकाने, दीर्घ गणनेअंती. अशा मूळ संख्या कुठेतरी संपतात की अनंत आहेत, याची सिद्धता अजून कुणीही दिलेली नाही.